मुंबई ते टोकियो विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती, आणि हे सगळं स्वतः कसं काढायचं

आई पहिल्यांदा ताईकडे टोकियोला निघाली तेव्हा मी नेटवर बघून तिला सांगितलं होतं, "आठ तास लागतात गं, रात्री बसायचं आणि सकाळी उतरायचं." जाताना ते बरोबरच निघालं. पण येतानाही तेच आठ तास डोक्यात धरून तिने जेवणाचं आणि साखरेच्या गोळीचं गणित लावलं, आणि विमान चाललंय चाललंय, नऊ तास झाले, साडेनऊ झाले तरी चाललंयच. तसं काही बिघडलं नाही, पण बाहेर आल्यावर पहिलं वाक्य "अरे तू आठ म्हणाला होतास ना?" हे होतं आणि ते मला लागलं. कारण चूक माझीच होती, मी एक आकडा बघितला आणि तो दोन्ही बाजूंना चिकटवला.

तेव्हापासून घरातलं कुणीही कुठेही जाणार असलं की मी हे गणित नीट कागदावर मांडतो. खाली मुंबई–टोकियो धरून सगळं लिहिलंय, कारण हाच रूट मला आता पाठ झालाय आणि या रूटवर शिकण्यासारखं खूप आहे. रीत समजली की कुठल्याही दोन शहरांना लावता येते.

आधी ठरवा, कुठला विमानतळ

"टोकियो" नावाचा एकच विमानतळ नाही, दोन आहेत. नारिता शहरापासून साधारण ६० किलोमीटर पूर्वेला आहे, १९७८ साली सुरू झालेला. हानेदा शहराच्या मध्यापासून जेमतेम १५ किलोमीटरवर, खाडीच्या काठाला. तिकीट शोधताना कोडमध्ये 'टीवायओ' टाकलं तर दोन्हीकडची विमानं दिसतात, 'एनआरटी' म्हणजे फक्त नारिता आणि 'एचएनडी' म्हणजे फक्त हानेदा. हवेतल्या अंतरात या दोघांत ५० किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे विमानाला चार मिनिटं, पण उतरल्यावर घरी पोचायला जो वेळ लागतो त्यात चांगला पाऊण तास इकडचा तिकडे होतो. भावजींनी एकदा हानेदा समजून तिथे पोचायची तयारी केली होती आणि आई उतरणार होती नारिताला, सुदैवाने आदल्या दिवशी बोलण्यात निघालं.

मुंबईच्या बाजूलाही आता हे बघायला लागणार, कारण नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. अंतराच्या हिशोबात काहीच फरक पडत नाही, पण टॅक्सी कुठे न्यायची यात पडतो. मी खाली सगळीकडे सहारचं, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचं, टर्मिनल २ धरलंय.

अंतर काढणं

सोपी रीत: कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, त्यातली मोजपट्टी घ्या, एक टोक सहारवर आणि दुसरं नारितावर ठेवा, आकडा समोर येतो. नारितासाठी सुमारे ६,७९० किलोमीटर, हानेदासाठी सुमारे ६,७४०. झालं. पण एकदा हाताने करून बघा असं मी म्हणेन, कारण मग पुढे कुठलाही आकडा दिसला की तो खरा की खोटा हे लगेच कळतं.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे, नारिता ३५.७६ उत्तर आणि १४०.३९ पूर्व. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (कॅल्क्युलेटरवरचं sin बटण, कोसाइन म्हणजे cos) गुणाकार करा, तो येतो ०.१९१. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशातल्या फरकाच्या (६७.५२ अंश) कोसाइनने गुणा, ते येतं ०.२९३. बेरीज ०.४८४. याचा उलटा कोसाइन काढला की ६१ अंश मिळतात, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून बघितलं तर या दोन शहरांमध्ये ६१ अंशांचा कोन आहे. एक अंश म्हणजे १११ किलोमीटरच्या किंचित वर, त्यामुळे उत्तर ६,७८० च्या घरात. एक्सेलमध्ये करत असाल तर अंशांचं आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) रूपांतर करा, नाहीतर काहीतरी भलताच आकडा येईल आणि तासभर कळणार नाही काय चुकलं, माझं झालेलं आहे.

गुगल अर्थचा आणि हा आकडा दहा-पंधरा किलोमीटरनी वेगळा येतो कारण पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे जरा चपटी आहे, आणि आपला फॉर्म्युला तिला गोल धरतो. ते सोडून द्या. मोठी गडबड होते ती युनिटची. कुठे ४,२१७ दिसेल, कुठे ३,६६४, आणि माणूस गोंधळतो. ४,२१७ हे साधे मैल आहेत आणि ३,६६४ हे नॉटिकल मैल, ज्यातला एक १.८५२ किलोमीटरचा असतो. पायलट आणि फ्लाइट ट्रॅकिंगची ॲप नॉटिकलमध्ये बोलतात. गंमत म्हणजे एक नॉटिकल मैल हा अंशाचा साठावा भाग, म्हणून ६१ ला ६० ने गुणलं की ३,६६० येतातच.

ही रेघ नेमकी कुठून जाते

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते टोकियो पट्टी ठेवून रेघ मारली तर ती साधारण १०० किलोमीटर लांबची वाट दाखवते. गोलावरची सगळ्यात जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते, उत्तरेकडे पोट काढल्यासारखी. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा ताणून बघा, लहान मुलांना हे दाखवायला फार मजा येते. मुंबईतून निघून ही वाट पाटण्यावरून, मग भूतानवरून, पूर्व तिबेट, चीनचा सिचुआन प्रांत, पीत समुद्र, दक्षिण कोरिया आणि मग जपान अशी जाते. टोकियोला जाताना वाटेत पाटणा, हे मला तरी आधी खरं वाटलं नव्हतं.

पण विमानं सहसा तशी जात नाहीत. कारण तिबेटचं पठार. सरासरी साडेचार हजार मीटर उंच, आणि ते शेकडो किलोमीटर पसरलेलं. विमानात कधी हवेचा दाब गेला तर पायलटला झटपट ३,००० मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, जिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो, आणि प्रवाशांच्या डोक्यावरचे ते पिवळे मास्क बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांपुरतेच ऑक्सिजन देतात. समुद्रावर असताना हे ठीक, पण खाली जमीनच साडेचार हजारावर असेल तर उतरणार कुठे? त्यासाठी जास्तीचा ऑक्सिजन आणि आधीच आखलेल्या सुटकेच्या वाटा लागतात. म्हणून बहुतेक विमानं पठाराला वळसा घालून दक्षिणेने जातात, म्हणजे कोलकाता, बांगलादेश, म्यानमारचा वरचा भाग, नैऋत्य चीनमधलं कुनमिंग, मग चीन ओलांडून शांघायच्या बाजूने समुद्रावर आणि तिथून जपान.

मी हे तुकडे वेगळे मोजून बेरीज केली: मुंबई–कोलकाता १,६६५, कोलकाता–कुनमिंग १,४९५, कुनमिंग–शांघाय १,९५५ आणि शांघाय–नारिता १,८००. एकूण सुमारे ६,९१५. एवढा मोठा वळसा वाटतो पण प्रत्यक्षात वाढ फक्त १२५–१३० किलोमीटरची, विमानाला आठ-नऊ मिनिटं. त्यामुळे कुणी म्हणालं की वळशामुळे वेळ लागतो तर या रूटला ते खरं नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्यावर उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे तास खरंच वाढले. टोकियोची दिशाच उलटी असल्यामुळे त्याचा इथे संबंध नाही.

अंतराचे तास करणं

लांब पल्ल्याची मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७८७ वगैरे, वर गेल्यावर हवेच्या हिशोबात ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. एअरबस ए३२० सारखी छोटी विमानं ८३०–८४० ने. मग ६,९०० भागिले ९००, म्हणजे ७ तास ४० मिनिटं. यात अर्धा ते पाऊण तास मिळवायचा, कारण गेटवरून निघून रनवेपर्यंत रांगेत सरकणं, वर चढताना कमी असलेला वेग, उतरताना घातलेले फेरे हे सगळं त्यात येतं. मी ३५ मिनिटं धरतो. तर झाले सव्वाआठ तास.

तिकिटावर जी वेळ असते ती गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते, चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नाही, हे लक्षात ठेवा. सहारला दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, आणि गर्दीच्या वेळी गेट सोडल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसती रांगेत जाऊ शकतात. कंपन्यांना हे माहीत असतं, त्यांनी वेळापत्रकात तेवढी जागा ठेवलेली असते, म्हणूनच विमान अर्धा तास उशिरा सुटूनही कधीकधी वेळेवर पोचतं.

वारा, सगळा खेळ इथेच आहे

आता मूळ प्रश्न, की जाताना आठ आणि येताना पावणेदहा असं का. अंतर तेच, विमान तेच. पृथ्वी फिरते म्हणून असं उत्तर बरेच जण देतात, अगदी शिकलेले लोकही, पण ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतच विमान उडतं, त्यामुळे फिरण्याचा सरळ फायदा-तोटा काही होत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर जिथे विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची एक जोरदार नदी असते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून, दक्षिण चीनवरून थेट जपानवर जाते, आणि जपानच्या डोक्यावर तर ती जगातल्या सगळ्यात जोरदार प्रवाहांपैकी एक असते, ताशी २५० किलोमीटरच्या पुढे सहज. योगायोग असा की तिचा अभ्यास पहिल्यांदा नीट झाला तो जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो इथून फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली आणि १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. पण ती भाषा वाचणारेच थोडे, त्यामुळे बाहेरच्या जगाचं तिकडे बरीच वर्षं लक्षच गेलं नाही. मला या माणसाबद्दल वाईट वाटतं, एवढं मोठं काम.

आकड्यात बघू. पूर्ण वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. जाताना तो पाठीमागून, म्हणजे जमिनीच्या हिशोबात वेग १,००० झाला: ६,९०० भागिले १,०००, सहा तास चोपन्न मिनिटं. येताना समोरून, वेग ८०० वर आला: आठ तास सदतीस मिनिटं. दोन्हीत ३५ मिनिटं मिळवा, तर साडेसात आणि सव्वानऊच्या आत-बाहेर. नुसत्या वाऱ्याने पावणेदोन तासांचा फरक! आणि अजून एक बघा, वारा नसता तर प्रत्येक बाजूला ७ तास ४० मिनिटं, म्हणजे जाऊन-येऊन १५ तास २० मिनिटं. वाऱ्यासकट ती बेरीज १५ तास ३१ होते. म्हणजे जाताना जे कमावलं त्यापेक्षा येताना जास्त गमावलं, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेलो असतो.

नोव्हेंबर ते मार्च हा फरक सगळ्यात मोठा असतो. जून ते सप्टेंबरमध्ये ही नदी तिबेटच्या उत्तरेला सरकते, आणि दक्षिण भारतावर तर वरच्या हवेत उलट पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा मान्सूनचा जेट येतो, त्यामुळे जाताना-येतानाचा फरक बराच कमी होतो. कंपन्या वेळापत्रकात साधारण जाताना आठ तास आणि येताना साडेनऊ ते दहा तास लिहितात, वाईट दिवस धरून. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून मागच्या वर्षीच्या तिकिटावरून यंदाची वेळ गृहीत धरू नका. थेट विमान रोज आहे का तेही सीझनप्रमाणे बदलतं.

खरी वेळ बघायची असेल तर त्याचा सरळ उपाय: फ्लाइटरडार२४ वर जाऊन तुमच्या विमानाचा नंबर टाका, मागच्या सात दिवसांत ते किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं हे फुकट दिसतं. सात दिवसांची सरासरी काढा, तुमच्या सीझनचा खराखुरा आकडा मिळाला. मी आता आई निघायच्या आधी हेच करतो. आणि हो, हिवाळ्यात जपान जवळ आलं की याच वाऱ्यामुळे विमान हलतं, घाबरायचं नाही पण पट्टा काढून ठेवायचा नाही, हे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घड्याळाचा हिशोब

भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, जपान नऊ तास पुढे, म्हणजे टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ बदलायची भानगड नाही त्यामुळे वर्षभर साडेतीनच. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि इथेच लोक फसतात.

समजा विमान मुंबईहून रात्री ८ ला निघून टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:४० ला पोचतंय. घड्याळात ११ तास ४० मिनिटं दिसतात, त्यातून साडेतीन वजा, खरा प्रवास ८ तास १०. परतीला टोकियोहून सकाळी ११ ला निघून मुंबईत संध्याकाळी ५:२० ला. घड्याळात फक्त ६ तास २० मिनिटं दिसतात, आणि माणसाला वाटतं वा, परतीचा प्रवास तर छोटाच आहे! इथे साडेतीन मिळवायचे, खरा प्रवास ९ तास ५०. आईच्या वेळी माझं लक्ष नेमकं इथे असायला हवं होतं. नियम एवढाच, पूर्वेला जाताना वजा, पश्चिमेला येताना अधिक.

यातून एक कामाची गोष्ट निघते. नारिता रात्री १२ ते सकाळी ६ बंद असतो, हानेदा चोवीस तास चालतो. आता सकाळी ६ नंतर नारिताला उतरायचं तर मुंबईच्या घड्याळाने २:३० नंतर, म्हणजे आठ तास मागे जाऊन संध्याकाळी ६:३० च्या आधी निघून चालत नाही. आणि रात्री १२ च्या आत उतरायचं तर दुपारी १२:३० च्या आत निघायला हवं. म्हणजे दुपारी साडेबारा ते संध्याकाळी साडेसहा या वेळात मुंबईहून नारिताचं थेट विमान असूच शकत नाही. कुठल्या साइटवर अशी वेळ दिसली तर समजा एकतर ते हानेदाचं आहे नाहीतर मधे कुठेतरी थांबणारं.

साडेतीन तास हा घड्याळातला फरक झाला, पण सूर्य त्याहून पुढे असतो. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. जपानची वेळ १३५ अंशाची, टोकियो त्याच्या पूर्वेला. त्यामुळे खरा फरक जवळजवळ साडेचार तासांचा. जूनमध्ये टोकियोत पहाटे साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो. आई तिथे पहिल्या दिवशी पहाटे उजेड बघून उठून बसली आणि ताईला उठवून चहा विचारत होती. झोपेच्या खोलीला जाड पडदे असले तर बरं.

तारखेचंही सांभाळा. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी विमानं खूप असतात. तिकिटावर १४ तारीख, ००:३० असं असेल तर घरातून निघायचं १३ तारखेला रात्री. आमच्या एका नातेवाईकांनी १४ च्या रात्री जाऊन काउंटरवर तिकीट दाखवलं तेव्हा विमान वीस तासांपूर्वी गेलेलं होतं. पैसे तर गेलेच, पण त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

थेट नसेल तर

थेट विमान महाग असेल किंवा त्या दिवशी नसेल तर मधे थांबून जावं लागतं, आणि तेव्हा कुठून जायचं हे किलोमीटरवरूनच ठरवायला सुरुवात करा. थेट ६,७९०. दिल्लीवरून ७,००० च्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन टक्के जास्त. हाँगकाँगवरून ७,२३५. बँकॉकवरून ७,६८०. सिंगापूरवरून मात्र ९,२८०, सरळ दक्षिणेला विषुववृत्तापर्यंत खाली जाऊन पुन्हा वर, अडीच हजार किलोमीटर जास्त. तिकीट स्वस्त असेल तर घ्या, पण वयस्कर माणसाला त्या वाटेने पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक थांब्याला ती ३५ मिनिटांची चढ-उतार पुन्हा मोजावी लागते आणि वर मधला वेळ. बँकॉकवरून हवेतले दहा तास, मधे तीन धरले तर तेरा. दिल्लीवरूनही हवेतले दहाच, पण दिल्लीत विमान एका टर्मिनलला उतरून पुढचं दुसऱ्यावरून असेल तर बसने जावं लागतं, सामान परत घ्यावं लागतं का हे मुंबईच्या काउंटरवरच विचारून घ्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं विसरू नका, त्या दोन महिन्यांत मी सकाळचा दिल्लीचा थांबा घेणारच नाही.

आणि दोन वेगळी तिकिटं जोडून स्वतः थांबा बनवू नका. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली की पहिलं उशिरा आल्यास पुढचं बघणं कंपनीचं काम. वेगवेगळी असली की ते तुमचं काम, आणि रात्री दोन वाजता अनोळखी विमानतळावर ते फार जड जातं.

दारापासून दारापर्यंत

विमानाचे आठ तास म्हणजे प्रवासाचे आठ तास नव्हेत. आम्ही डोंबिवलीहून निघतो, सहारला पोचायला दीड-दोन तास धरतो, पावसाळ्यात अडीच. पुण्याहून येणाऱ्यांनी चार आणि वर तासभर हातचा. मेट्रो ३ चं स्टेशन आता टर्मिनल २ ला झालंय त्यामुळे दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांची सोय झाली, पण मध्यरात्रीच्या विमानाला ती उपयोगाची नाही. विमानतळावर तीन तास आधी. चेक-इनचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि ते बंद म्हणजे बंद.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम मिळून मी एक तास धरतो. 'व्हिजिट जपान वेब' वर घरूनच माहिती भरून क्यूआर कोड घेतला तर बरंच सोपं जातं, आईचा कोड आम्ही प्रिंट काढून दिला होता कारण फोन ऐनवेळी चार्ज असेलच असं नाही. मग नारिताहून नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनला साधारण एक तास, किंवा स्कायलायनर ट्रेनने टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांच्या आत. हानेदाहून मोनोरेल किंवा केइक्यू लाइनने पंधरा-वीस मिनिटांत शहरात. पण हानेदाला रात्री उशिरा उतरलात तर लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमाराला परत सुरू होतात, तेव्हा मधल्या वेळात टॅक्सी किंवा विमानतळावरच बसून राहणं, दोनच पर्याय.

आमची बेरीज: घरातून दोन तास, विमानतळावर तीन, विमान आठ, उतरून एक, ट्रेन आणि पुढचं चालणं दीड. साडेपंधरा तास. येताना विमानाचेच पावणेदहा, म्हणजे सव्वासतरा. कुणी विचारलं टोकियो किती लांब, तर मी आता हा आकडा सांगतो.

शेवटी चिठ्ठी

हे सगळं झालं की मी एक चिठ्ठी करतो, जाताना एक आणि येताना एक. मोबाइलमध्ये नाही, कागदावर, मोठ्या अक्षरात. त्यावर प्रत्येक गोष्टीपुढे दोन वेळा, एक भारताची आणि एक जपानची. विमान सुटणार, पहिलं जेवण साधारण कधी येणार, उतरणार, ताई कुठल्या दाराशी उभी असणार. गोळ्यांच्या वेळा मी ठरवत नाही, ते डॉक्टरांना विचारून त्यांनी सांगितलेल्या वेळा तेवढ्या लिहितो, आणि त्यांना विमानाचे खरे तास सांगतो, आठ नाही तर पावणेदहा. आई तिचं मनगटी घड्याळ पूर्ण प्रवासात भारताच्याच वेळेवर ठेवते आणि जपानची वेळ समोरच्या स्क्रीनवर बघते, तिला तसं सोपं जातं. मागच्या बाजूला ताईचा नंबर आणि घरचा पत्ता जपानी अक्षरात, टॅक्सीवाल्याला दाखवायला.